न्यूटन ऑस्करला पाठवायच्या लायकीचा होता का? (इलेक्शन ड्युटी केलेल्यांनी जरूर बोला)

मोहफूल_मास्तर:
इलेक्शन जवळ आलं की आमच्या मास्तर लोकांच्या वॉट्सप ग्रुपवर कोणी ना कोणी न्यूटन पिक्चरचा (नक्षल भागातल्या बूथवर ड्युटीला गेलेल्या न्यूटन नावाच्या बाबूची गोष्ट) तो ट्रेनिंगवाला सीन टाकतेच, संजय मिश्रा शिकवते तो. सारे हसतात, मग ड्युटीची ऑर्डर हातात पडली की हसू गायब. यावेळेस त्या सीनखाली वाद पेटला. एक मॅडम म्हणाल्या एवढा चांगला पिक्चर होता तर ऑस्करमध्ये पुढं काहून नाही गेला, आणि एक सर म्हणाले की पुढं जायचं सोडा, पाठवायच्याच लायकीचा नव्हता. ग्रुपवर मोठे साहेबही आहेत त्यामुळे तिथं जास्त लिहिता येत नाही, म्हणून इथं धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे उगाच लपवाछपवी नको. पिक्चर म्हणून चांगला आहे. पाठवला त्यात काही चुकलं नाही. पण 'आदिवासी भागाचं खरं चित्र' म्हणून जे कौतुक झालं ते मला काही पचलं नाही. शूटिंग छत्तीसगडात दल्ली राजहराकडं झालं, आमच्या गडचिरोलीच्या बॉर्डरपासून काही फार लांब नाही, जंगलातला माणूस इकडं तिकडं सारखाच. आता पाहा, सरकारी माणसांचं जे जे आहे ते एकदम बरोबर टिपलंय. रिझर्व्हमध्ये नाव असलेला माणूस ऐनवेळी पाठवतात ते, हेलिकॉप्टर, बुलेटप्रूफ जॅकेट घालून पायी चालणं, आणि बूथ लावून झाल्यावर कोणीच येत नाही तेव्हाचा तो कंटाळा. हे ज्यानं ड्युटी केली त्यालाच समजते. पण गावातले लोक? मतदार यादीत ७६ नावं, आणि पिक्चर संपल्यावर त्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला आठवत नाही. बिचारे रांगेत उभे राहतात, पाहत राहतात, बस.

बोला आता.

पऱ्हाटी_अकोट:
मास्तर, आमच्याइकडे तं हा पिक्चर टॉकीजले लागलाच नाई, मी मोबाईलवर पाह्यला ते बी दोन हप्त्यात मिळून, एवढा स्लो हाये. झोप लागे राजेहो. पन पंकज त्रिपाठी एक नंबर. त्या मानसाले काईच कराव लागत नाई, नुसता उभा रायला तरी काम होते. बाकी ऑस्करचं मले काई समजत नाई. नॉमिनेशन भेटलं होतं ना त्याले?

कळमन्याचा_संत्रा:
नाही हो भाऊ, नॉमिनेशन नव्हतं भेटलं, आणि इथंच अर्ध्या लोकांची गफलत होते. दर वर्षी सप्टेंबरात पेपरवाले 'अमुक सिनेमा ऑस्करला' असं छापतात आणि लोकांना वाटते झालं, नॉमिनेट झाला. तसं नसते. प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो, आपल्याकडं ते काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची कमिटी करते. त्या वर्षी ९२ देशांनी पाठवले होते. त्या ९२ मधून आधी नऊ निवडायचे, सहा अकादमीच्या सदस्यांच्या मार्कांवरून आणि तीन एक खास समिती आपल्या मर्जीनं आत घ्यायची, अशी तेव्हाची पद्धत. मग नऊमधले पाच म्हणजे नॉमिनेशन. न्यूटन नऊमध्येच नव्हता. शेवटी चिलीचा 'अ फँटॅस्टिक वुमन' जिंकला. आपले आजपर्यंत त्या पाचात बसलेले तीनच, मदर इंडिया, सलाम बॉम्बे आणि लगान. लगाननंतर कोणी नाही.

आणि एक मजा सांगतो. नियम असा होता की सिनेमा ३० सप्टेंबर २०१७ च्या आत आपल्या देशात थिएटरात लागून सलग सात दिवस चालला पाहिजे. न्यूटन लागला २२ सप्टेंबरला, शेवटच्या बसनं आला म्हणा ना. आणि त्याच दिवशी फेडरेशननं जाहीर पण करून टाकलं की भारताकडून हाच. म्हणजे पब्लिकनं पाहायच्या आधी ठप्पा!

पऱ्हाटी_अकोट:
हे भारी हाये बाप्पा, पेपर तपासाच्या आधीच निकाल 😂

बुलढाणेकर_दादा:
संत्रा भाऊनं बरोबर सांगितलं. मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. लायकीचा प्रश्न काढला तर 'सीक्रेट बॅलट'चं नाव घ्यावंच लागते. बाबक पयामीचा इराणी सिनेमा, २००१ चा, व्हेनिसला त्याच्या दिग्दर्शनाला पुरस्कार पण मिळाला होता. त्याच्यात एक बाई अधिकारी मतपेटी घेऊन बेटावर येते, सोबत एक शिपाई बंदूक घेऊन, दोघं जीपमधून दिवसभर मतं गोळा करत फिरतात. बाई नियमाला पक्की, शिपायाला निवडणुकीचं काही घेणंदेणं नाही. आता सांगा, हे ऐकून कोणता पिक्चर डोळ्यापुढं येतो? न्यूटन लागला तेव्हा यावरून बराच गदारोळ झाला, दिग्दर्शक अमित मसुरकरनं चोरी नाकारली. मी दोन्ही पाहिले. चोरी मी म्हणणार नाही, पण बाहेरच्या माणसाला, ज्यानं तो इराणी सिनेमा पाहिलाय, त्याला न्यूटन ताजा वाटणार नाही एवढं नक्की. आणि तिथं मार्क देणारे बुजुर्ग सारं जग पाहून बसलेले असतात.

तर्रीपोहा:
दादा असं पाहिलं तर सगळेच कोणाची तरी कॉपी. नियमाला चिकटलेला बाबू आणि वैतागलेला फौजी, हे दोघं आपल्या कोणत्याही तहसील कचेरीत सापडतील, त्याच्यासाठी इराणला जायची काय गरज. आणि फरक मोठा आहे ना. तिथं अधिकारी मताच्या मागं फिरते, इथं अधिकारी एका जागी बसून आहे आणि मत त्याच्यापर्यंत हाकलत आणलं जाते, परदेशी पत्रकार बाई येणार म्हणून. तो सीन एकटा पुरेसा आहे मला. साहेब येतात म्हणून रांग लागते! आपल्याकडं मंत्री यायच्या दिवशी रातोरात डांबर पडते तसं.

वैनगंगा_ताई:
नमस्कार सगळ्यांना. मी अंगणवाडी सेविका, बीएलओचं (बूथ लेव्हल ऑफिसर) काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे, म्हणून बोलते. मास्तर सर, तुम्ही म्हणता गावातलं कोणी आठवत नाही, मग माल्कोचं काय? अंजली पाटीलनं केलेली ती. ती पण तिथलीच शिक्षिका, बीएलओ, गोंडी बोलणारी. साऱ्या पिक्चरमध्ये एकटी तीच हसते, आणि साहेब लोकांना काय समजत नाही ते तिलाच माहीत आहे. मला तर पिक्चर तिच्याचमुळे आवडला. बीएलओ म्हणजे काय हे कोणत्या दुसऱ्या हिंदी पिक्चरमध्ये दाखवलं सांगा बरं. आम्ही घरोघरी फिरून यादी करतो, मेलेल्याचं नाव काढा, लग्न होऊन गेलेलीचं काढा, नवीन अठराचा झाला त्याचा फॉर्म भरा, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी मतदान पथक येते तेव्हा आम्ही बाहेर टेबल टाकून बसतो, नाव शोधून चिठ्ठी देतो. त्या दिवशी गावात कोण आहे, कोण आंध्र-तेलंगणात मिरची तोडायला गेलं हे फक्त आम्हाला माहीत असते. केंद्राध्यक्ष विचारतात बाई लोक का नाही येऊन राहिले, आम्ही सांगतो सर जेवणं झाली की येतील, तरी ते घड्याळ पाहत बसतात 😀 अगदी न्यूटनसारखे.

मोहफूल_मास्तर:
ताई, माल्को चांगलीच आहे, वाद नाही. पण ती शेवटी न्यूटनला शिकवायलाच ठेवलेली आहे असं मला वाटते. तिच्या घरी काय चालू आहे, गाव जाळलं तेव्हा ती कुठं होती, ती स्वतः कोणाला मत देणार, काहीच नाही. ती एक दिवस येते, साहेबाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगते. बाहेरच्या प्रेक्षकाला सोपं जावं म्हणून असं एक पात्र लागतेच बहुतेक.

वैनगंगा_ताई:
सर, एका दिवसाचा पिक्चर आहे. एका दिवसात न्यूटनच्या घरचं तरी काय एवढं समजलं? पोरगी पाहायला जातो आणि ती अल्पवयीन निघते म्हणून नाही म्हणतो, एवढंच. तुम्ही माल्कोकडून जास्त मागता कारण ती तुमच्या भागातली आहे.

मोहफूल_मास्तर:
हे मान्य आहे ताई, जास्तच मागतो. आपलंच म्हणून तर मागायचं.

कळमन्याचा_संत्रा:
मास्तरांच्या मुद्द्यात दम आहे पण मी तो वेगळ्या तऱ्हेनं मांडतो. पिक्चर पाहून शहरातल्या माणसाचा असा समज होतो की जंगलातल्या लोकांना मतदान म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांना मशीन खेळणं म्हणून दाखवावं लागते. आता आकडे पाहा. २०२४ च्या लोकसभेत १९ एप्रिलला विदर्भातल्या पाच जागांवर मतदान झालं. गडचिरोली-चिमूरला जवळपास ७२ टक्के, साऱ्या राज्यात सगळ्यात जास्त. आणि आमच्या नागपुरात? ५४ च्या आसपास. ते पण अहेरी, आरमोरी, गडचिरोली, आमगाव इकडं दुपारी तीनलाच मतदान बंद होते, आम्हाला सहापर्यंत वेळ असून आम्ही कूलरसमोर. म्हणजे ट्रेनिंग कोणाला द्यायला पाहिजे?

तर्रीपोहा:
नागपूरकरानं स्वतः कबूल केलं, धागा सार्थकी लागला 😂

झाडीचा_गडी:
संत्रा भाऊ तुमी आकडा बरोबर सांगितला, पन आकड्याच्या आत पाहा लागते गा. ७२ टक्के सारखे सारीकडे नसतात. धानाच्या पट्ट्यात, वडसा-आरमोरीकडे, लोक सकाळी सातलेच रांगेत. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावात बहिष्काराचे बॅनर लागत, तिकडची गोष्ट अलग. पिक्चर त्या आतल्या गावाचा हाये. तवा त्याले खोटा नाई म्हनता येत.

मी वेगळंच बोलतो. आमी झाडीपट्टीचे लोक, दिवाळी झाली की मंडई आन् मंडईच्या रातीले नाटक, रातभर, सकाळी कोंबडा आरवते तवा पडदा पडते. वडस्याले कंपन्यांचे बोर्ड लागतात, बुकिंग होते. हजारो लोक तिकीट काढून थंडीत कांबळ घेऊन बसतात. तिथं पसंत पडलं नाई तं लोक तोंडावर सांगतात, कोनती कमिटी नाई न काई नाई. मंग पुरस्कार केवा आला? परशुराम खुणेंना पद्मश्री २०२३ ले भेटली, सारी जिंदगी रंगमंचावर घालवल्यावर. तवा ऑस्कर घ्या, पद्म घ्या, दूरच्या मानसाले आपलं काम दिसाले लय टाइम लागते. न्यूटनवाले निदान एका दिवसात दिसले त्याइले.

पऱ्हाटी_अकोट:
एक नंबर बोलले गडी भाऊ.

खाकीघरची:
मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही पण आज लिहिते. माझ्या घरातला माणूस गडचिरोली पोलिसात आहे. पिक्चर आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर पाहिला. आत्मा सिंगला, म्हणजे पंकज त्रिपाठीनं केलेल्या त्या फौजी अधिकाऱ्याला, सगळ्यांनी व्हिलन करून टाकलंय, वर तुम्ही हसता पण. परतीच्या वाटेवर त्याची माणसं तो गोळीबाराचा बनाव करतात ना, तेव्हा घरात कोणीच बोललं नाही. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याला भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, हे आम्ही जवळून पाहिलेलं आहे. मतदान पथकाला जिवंत परत आणायचं ही त्या माणसाची नोकरी आहे. न्यूटनला काही झालं असतं तर चौकशी कोणाची झाली असती? आत्मा सिंगची. आणि न्यूटन बंदूक हिसकावतो त्यावर थिएटरात टाळ्या म्हणे. ऑस्करला पाठवला तेव्हा जगाला हेच दाखवलं का आपण, की फौजी खोटारडे आणि बाबू हिरो?

तर्रीपोहा:
ताई तुमचं दुःख समजते, त्यावर मी काही बोलणार नाही. पण पिक्चरमध्ये आत्मा सिंग मला व्हिलन नाही वाटला हो. तो एका जागी न्यूटनच्या हातात बंदूक देऊन म्हणतो ना की हिचं वजन पाहा, हा देशाचा भार आहे आणि तो आमच्या खांद्यावर आहे, अशा अर्थाचं. त्या वेळेस मी त्याच्याच बाजूनं झालो होतो. शेवटी त्याला बायकोसोबत दुकानात किराणा घेताना दाखवलंय, महागाईचा हिशोब करत. दिग्दर्शकाला त्याला वाईट दाखवायचं असतं तर तो सीन कशाला ठेवला असता.

खाकीघरची:
किराण्याचा सीन आवडला मला पण. म्हणूनच त्या बनावाचा जास्त राग आला.

मोहफूल_मास्तर:
खाकीघरची ताई, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. केंद्राध्यक्ष म्हणून सांगतो, बंदूक हिसकावणारा केंद्राध्यक्ष आमच्यात एक पण सापडणार नाही 🙏 आमची सारी हिंमत १७-क चा (किती मतं पडली त्याचा फॉर्म) हिशोब टॅली करण्यात संपते. मशीनवर पडलेली मतं आणि रजिस्टरमधली सह्या-अंगठे जुळले नाही तर रात्री साहित्य जमा करताना टेबलावरचा माणूस तुमचं नाव पुकारून पुकारून परत पाठवतो. पहाटे मॉकपोल म्हणजे चाचणी मतदान घ्यायचं, कमीत कमी पन्नास मतं टाकून दाखवायची, मग ती क्लिअर करायची, हे क्लिअरचं बटन विसरला की मेला. कागदी सील लावताना घामानं हात ओले, सीलवर सह्या घेताना एजंट म्हणतो साहेब पेन चालत नाही. न्यूटनमध्ये मला हे थोडं अजून पाहिजे होतं खरं तर. तिथं भीती फक्त नक्षल्यांची दाखवली. खरी भीती पाकिटांची असते, कोणतं पाकीट सीलबंद आणि कोणतं बिगर सील.

वैनगंगा_ताई:
अगदी अगदी 😂😂 पाकिटं!

बुलढाणेकर_दादा:
हे लिहिलं ते पिक्चरपेक्षा भारी आहे मास्तर. पण मूळ प्रश्नावर या. माझ्या मते आपल्या भागातून खरोखर लायकीचा जर कोणता सिनेमा गेला असेल तर तो २०१५ चा कोर्ट. चैतन्य ताम्हाणेचा. कथा मुंबईची आहे पण त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. धंद्यानं नट नव्हते, चळवळीतला माणूस, आणि पडद्यावर एकदा पण नटल्यासारखे वाटत नाहीत. व्हेनिसला २०१४ मध्ये ओरिझोंती विभागात सर्वोत्तम ठरला, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ. न्यूटनसारखाच व्यवस्थेवरचा सिनेमा, पण कोर्टमध्ये कोणी बंदूक हिसकावत नाही, कोणी हिरो होत नाही. तारीख पडते. परत तारीख पडते. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करते. बस. तो पण शेवटच्या नऊमध्ये नाही गेला. साथीदार २०२१ मध्ये कोरोनात गेले.

कळमन्याचा_संत्रा:
कोर्टला माझं पण मत. त्या वर्षी निवड समितीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते, निवडीवरून कमिटीतच भांडण झालं होतं म्हणे पेपरात.

तर्रीपोहा:
मग कासवचं काय? २०१७ मध्येच सुवर्णकमळ कासवला जाहीर झालं होतं, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा. तोच पाठवायचा होता.

कळमन्याचा_संत्रा:
कासव थिएटरात लागलाच ऑक्टोबरमध्ये. ३० सप्टेंबरची अट आहे ना भाऊ, वर सांगितली. बसमध्ये चढलाच नाही.

पऱ्हाटी_अकोट:
म्हनजे लायकी-बियकी काई नाई, टाइमटेबल हाये सारं.

बुलढाणेकर_दादा:
टाइमटेबल आणि पैसा. निवड झाल्यावर तिकडं अमेरिकेत जाऊन सिनेमा दाखवत फिरावं लागते, मतदार सदस्यांनी पाहिलाच नाही तर मार्क कोण देणार. लगानच्या वेळेस आमिर खाननं तिथं मुक्काम ठोकला होता. न्यूटनला केंद्र सरकारनं एक कोटी दिले असं तेव्हा जाहीर झालं होतं, ऐकायला मोठं वाटते, तिकडच्या प्रचारात ते कुठं पुरणार. उलट २०२२ चं पाहा, भारतानं गुजराती छेल्लो शो पाठवला, तो पंधराच्या यादीपर्यंत गेला, आणि आरआरआरवाल्यांनी देशाच्या शिक्क्याची वाट न पाहता स्वतःचा खर्च करून प्रचार केला आणि नाटू नाटूला गाण्याचं ऑस्कर घेऊन आले.

झाडीचा_गडी:
मंग इथं बी इलेक्शनच झालं म्हना की. उमेदवार, प्रचार, मतदार. फक्त शाई लावत नाई बोटाले.

तर्रीपोहा:
😂😂 आणि मतदार पिक्चर न पाहता मत देतो की काय हे पण सेम.

खाकीघरची:
हे मात्र खरं.

मोहफूल_मास्तर:
चला, आता माझं शेवटचं सांगतो कारण उद्या सकाळी शाळा आहे. बुलढाणेकर दादांचा कोर्टचा मुद्दा मला पटला, कोर्ट वरचढ आहे. इराणी सिनेमा मी पाहिलेला नाही, आता पाहतो. पण न्यूटन पाठवायला नको होता असं मी अजूनही म्हणत नाही. त्या वर्षी तारखेत बसणारं, हिंदी पट्ट्यातलं, निवडणुकीवर एवढं धीटपणे बोलणारं दुसरं काय होतं? बर्लिनला फोरम विभागात दाखवला गेला होता, तिथं आर्ट सिनेमावाल्यांचा पुरस्कार पण मिळाला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्तम हिंदी सिनेमा. म्हणजे पाठवणाऱ्यांनी हवेत नाव नाही काढलं. माझी तक्रार एवढीच की ज्या गावावर पिक्चर आहे त्या गावचा माणूस त्यात बोलत नाही, आणि हे ना इथल्या समीक्षकाला खटकलं ना तिकडच्या.

वैनगंगा_ताई:
सर, आमच्याकडच्या गोंड-माडिया बायकांना मी विचारलं होतं, महिला मेळाव्यात मोबाईलवर थोडा दाखवला होता. त्यातल्या एकीनं विचारलं, बाई ही माल्को रोजीवर आहे का पगारावर? मी म्हटलं मानधनावर असेल. तर म्हणाली मग ती एवढी हसते कशी.

पऱ्हाटी_अकोट:
🙏😂 हिले पाठवा ऑस्करच्या कमिटीत.

बुलढाणेकर_दादा:
मास्तर, सीक्रेट बॅलट पाहून झाला की याच धाग्यावर लिहा, नवीन काढू नका, नाहीतर परत पहिल्यापासून सारे नॉमिनेशन म्हणजे काय तेच विचारतील.

कळमन्याचा_संत्रा:
विचारतीलच. सप्टेंबर येऊ द्या.